षष्ठीच्या आत

पाणी अंगणात शिरलं तेव्हा ताराबाई डबीर दूध तापवत होत्या आणि त्यांचे यजमान शरच्चंद्र हातात बॅटरी घेऊन जिन्याखालच्या मीटरपेटीसमोर उभे होते. नुकतंच फटफटलं होतं. रात्रभर कोसळणारा पाऊस अजून हटायचं नाव घेत नव्हता. सहजीवन कॉलनीच्या मागून जाणारा नाला पुढे नाग नदीला मिळतो. एरवी तो तिथे आहे हे वासावरूनच कळायचं. त्या सकाळी तो परसातल्या भिंतीवरून आत येत होता. शरच्चंद्रांनी मेन स्विच खाली ओढला, स्वयंपाकघरात येऊन गॅसचा रेग्युलेटर बंद केला, सिलिंडर साखळीने खिडकीच्या गजाला बांधला, आणि मगच बायकोकडे वळून म्हणाले, "तारा, दूध राहू दे. वर चल."

वर विक्रम नावाचा बँकेत काम करणारा भाडेकरू राहत होता. ताराबाईंच्या दोन्ही गुडघ्यांनी केव्हाच दगा दिला होता आणि दमा तर शाळेत नोकरीला होत्या तेव्हापासूनचा. जिना चढायला त्यांना वेळ लागला. शरच्चंद्र मागे एक पायरी सोडून चढत होते, एका हातात घराची कागदपत्रं आणि ताराबाईंची औषधं भरलेली प्लास्टिकची बरणी, दुसरा हात बायकोच्या पाठीशी. त्या वर पोहोचेपर्यंत खाली पाणी सोफ्यावर चढलं होतं.

खिडकीतून दिसत होतं ते असं: समोरच्यांची स्कूटर आडवी होऊन गेटला अडकली, कुणाचा तरी फ्रीज उताणा तरंगत गल्लीच्या टोकाला गेला, आणि मग कडेच्या घरातल्या गृहस्थांना मोटार वाचवायची बुद्धी झाली. शरच्चंद्रांनी गॅलरीतून ओरडून त्यांना परत फिरवलं. वाहत्या पाण्यात गाडी होडी होते, हे वाक्य त्यांनी असं म्हटलं की विक्रमला त्याही परिस्थितीत हसू आलं. दुपारी पाणी उतरलं. सहजीवन कॉलनीत त्या दिवशी कुणीही दगावलं नाही.

शरच्चंद्रांची सगळी नोकरी एका विमा कार्यालयात झाली होती, तीही दाव्यांच्या टेबलावर. माणसं कशी मरतात हे त्यांनी उभी हयात वाचलं होतं. गिझर, स्टोव्ह, गच्चीचा बिनकठड्याचा कोपरा, पतंगाचा मांजा, विहिरीत उतरलेला माणूस आणि त्याला काढायला उतरलेला दुसरा. घरी येऊन ते यातलं काही सांगत नसत, फक्त घरातलं काहीतरी बदलत. एकदा न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडेल अशी करून घेतली. एकदा सगळ्या घरात ईएलसीबी बसवून घेतला. घरात कुठेही वीज गळायला लागली की क्षणात सगळा पुरवठा तोडून टाकणारं हे बटण तेव्हा कॉलनीत कुणी पाहिलंही नव्हतं. शेजारी म्हणत, डबीरांकडे चहाला जायचं तर आधी चपलेचा तळ दाखवावा लागतो. पोरं त्यांना मेनस्विच काका म्हणत. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी ते बायकोला मीटरपेटीसमोर उभं करून स्विच खाली-वर करायला लावत. कुणी चिकटलं तर माणसाला हात लावायचा नाही, इथे यायचं. ताराबाई कंटाळून म्हणत, मी काय पहिलीतली आहे का? पण करत.

नागपुरात हे वेड अगदीच निराधार नव्हतं. इथे घरोघरी पत्र्याचा कूलर असतो: तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत भलामोठा पंखा. पाणी, पत्रा आणि वीज एका खोक्यात. दर मे महिन्यात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, कूलरमध्ये पाणी भरताना अमक्याचा मृत्यू. शरच्चंद्रांकडे प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लागत नसे, आणि पायात चप्पल नसेल तर काढल्यावरही नाही.

पूर ओसरल्यावर खाली घोटाभर चिखल राहिला आणि भिंतींवर खिडकीच्या वरपर्यंत एक काळी रेघ. त्याच संध्याकाळी ताराबाईंना धाप लागली. त्यांचा भाऊ येऊन त्यांना सीताबर्डीच्या मागे असलेल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. शरच्चंद्रही गेले असते, पण घर उघडं टाकून जाणं त्यांना पटलं नाही. ते रात्री विक्रमकडे झोपत, दिवसभर खाली राबत. मदतीला कळमन्याकडून येणारी शोभाताई होती. ती डबीरांकडे धुणंभांडी करायला लागली तेव्हा त्यांची मुलगी गार्गी शाळेत होती. आता गार्गी बंगळुरूला नोकरी करत होती.

ताराबाईंना बातम्या फोनवरून कळत. सकाळी नवऱ्याकडून, संध्याकाळी शोभाताईकडून. आणि दोन्ही जुळवून घरात काय चाललंय ते त्या समजून घेत. शरच्चंद्रांनी गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणले होते आणि ते पायातून काढत नव्हते. शोभाताईलाही एक जोड आणून दिला होता. चिखलात हात घालायचा नाही, आधी काठी फिरवायची. बिछान्याखालून एक धामण निघाली होती. पाणी उकळून, वर विक्रमकडून आणलेलं. डाळी, पीठ, पापड, वर्षाचे तांदूळ, सगळं उकिरड्यावर. तांदळावरून शोभाताई चिडली होती. ती ताराबाईंना सांगत होती, "बाई, चांगला अर्धा कट्टा होता. मी म्हनलं, काकाजी, चार पाण्यानं धुतला तर चालते न. त्यायनं त्याच्यावर ब्लिचिंग पावडर टाकून देली, कोनी उचलू नये म्हून. मायासमोर." ताराबाईंनी तिची समजूत काढली, आणि मनातल्या मनात म्हणाल्या, म्हणजे ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे. त्यांना एवढंच हवं होतं. पूर उतरला तरी त्यांची भीती उतरली नव्हती, आणि ती घराची नव्हती. सत्तरी ओलांडलेला, बायपास झालेला माणूस दिवसभर त्या ओलीत एकटा होता. फोन उशिरा लागला की त्या भावाच्या हॉलमध्ये येरझारा घालत, गुडघे विसरून.

मग पितृपक्ष लागला.

शरच्चंद्रांच्या वडिलांची तिथी षष्ठी. त्यांनी एकही षष्ठी चुकवली नव्हती. बायपासनंतर टाके ओले होते तेव्हासुद्धा पाटावर बसून तर्पण केलं होतं. माणूस देवभोळा नव्हता. नवस, उपास, बाबा-बुवा यांतलं काही घरात नव्हतं. पण जे करायचं ठरलं आहे ते ठरल्या दिवशी, ठरल्या जागी, ठरल्या रीतीने करायचं. मेन स्विचच्या बाबतीत होता तोच हा स्वभाव. ते घर वडिलांनी बांधलं, वडील त्याच घराच्या पुढच्या खोलीत गेले, तेव्हा पान त्याच खोलीत वाढायचं.

ताराबाईंनी फोनवर सांगून पाहिलं. सर्वपित्री अमावास्या असतेच की, राहिलेल्यांचं त्या दिवशी करतात, गुरुजीही तेच म्हणतील. नाहीतर इथे भावाकडे करू, स्वच्छ कोरडी जागा आहे. शरच्चंद्रांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की भिंती अजून हाताला ओल्या लागतात, पण षष्ठीच्या आत वाळवतो. ताराबाईंनी विषय सोडला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठला विषय कधी सोडायचा हे कळतं.

वीज परत आली तशी सहजीवन कॉलनीने एकच गोष्ट केली. प्रत्येक घराने आपला कूलर खिडकीतून उतरवला, ताट्या उपटून फेकल्या आणि उरलेला पंखा ओल्या भिंतीकडे तोंड करून सोडून दिला. दुसऱ्या कुठल्या गावाला हे सुचलं असतं की नाही सांगता येत नाही, पण नागपुरात एवढा वारा फेकणारी दुसरी वस्तू घरात नसते. संध्याकाळी गल्लीतून चाललं की दोन्ही बाजूंनी घुमघुम ऐकू यायची, जणू भर सप्टेंबरात कुणी मे महिना चालू केला होता.

शरच्चंद्रांनी घाई केली नाही. कूलरची मोटार सोडवली, धुतली, गच्चीवर उन्हात ठेवली, रोज पालथी केली. मग बाबारावांना बोलावलं. बाबाराव कॉलनीतले जुने इलेक्ट्रिशियन, ईएलसीबीही त्यांनीच बसवला होता. त्यांनी मोटार जोडली, टेस्टर पत्र्याला लावला. दिवा लागला नाही, म्हणजे पत्र्यात वीज उतरत नव्हती. पण मेन वर केला की थोड्याच वेळात ईएलसीबी पडायचा. कूलर बंद ठेवला तरी पडायचा. पुन्हा वर केला, पुन्हा पडला.

हे चाललं होतं तेव्हा शरच्चंद्र आणि ताराबाई फोनवर होते. फोन त्यांनी बोलता बोलता खिडकीत ठेवला होता आणि बंद करायला विसरले होते, त्यामुळे ताराबाईंना सगळं ऐकू येत होतं.

"खराब झाला का?" शरच्चंद्रांनी विचारलं.

"खराब नाही, काकाजी. भिंती ओल्या हायेत, अंदरच्या वायरच्या नळ्याइत पाणी हाये. म्हून तो घडीघडी पडून राहिला. वाळल्या का थांबते."

"किती दिवसांत?"

"ऊन कसं पडते त्याच्यावर. पंधरा दिस. महिना बी लागन."

"माझ्याकडे इतके दिवस नाहीत. हा मधून काढून लाइन सरळ जोडता येते की नाही?"

बाबारावांनी टेस्टर खिशात ठेवला. मग म्हणाले, "येते. पन हे मी म्हनून नाही राहिलो, काकाजी. तुमी म्हनून राहिले."

"चार दिवसांपुरतं. षष्ठी झाली की परत लाव."

मग त्यांना फोनची आठवण झाली. त्यांनी तो उचलला आणि काय चाललंय ते ताराबाईंना समजावून सांगितलं, जणू त्यांनी ऐकलंच नव्हतं. शेवटी विचारलं, काय करू? असं ते क्वचितच विचारत. ताराबाईंच्या डोळ्यांसमोर तेव्हा ईएलसीबी नव्हता. त्या ओल्या घरात अमावास्येपर्यंत राबणारा माणूस होता. घर लवकर वाळलं तर ते लवकर बाहेर पडतील, किंवा आपण लवकर आत जाऊ.

"तुम्हाला त्यातलं कळतं," त्या म्हणाल्या. "तुम्हीच ठरवा."

त्यानंतर कूलर दिवसरात्र चालला. शरच्चंद्र रोज सकाळी खाली येऊन पत्र्याला हाताची मागची बाजू टेकवून बघत, झिणझिण्या येतात का. येत नव्हत्या. पायात गमबूट होते, गुडघ्यापर्यंतचे, जाड रबराचे. भिंतीवरची काळी रेघ पिवळी पडली, मग खडूसारखी पांढरी झाली, मग तिला पोपडे सुटले. शोभाताईने संध्याकाळच्या फोनवर सांगितलं की आता वास कमी झाला, आणि काकाजी खुशीत आहेत, आपल्याच हाताने देव घासून ठेवलेत.

षष्ठीच्या सकाळी ताराबाई रिक्षाने आल्या. छातीवर ओढणीसारखा पदर गुंडाळला होता आणि बरोबर भावाकडून आणलेलं दूध, तांदूळ, तूप होतं. गल्लीत शिरताना त्यांना घुमघुम ऐकू आली. घरात शिरताना त्यांनी सवयीने चपला काढल्या आणि लगेच नवऱ्याकडे पाहिलं, की आता बोलणी बसतील. पण त्या दिवशी शरच्चंद्रांच्या पायातही गमबूट नव्हते. श्राद्धाच्या घरात कुणी पायात काही घालत नाही. पुढची खोली त्यांनी पहाटेपासून तीनदा धुऊन काढली होती. फरशी चकचकीत आणि ओली होती. स्वतः डोक्यावरून अंघोळ केली होती, आणि सोवळ्याचं धोतर विक्रमच्या गॅलरीत रात्रभर वाळत टाकूनही दमटच राहिलं होतं, ते तसंच नेसले होते.

त्यांनी बायकोला नीट पाहून घेतलं, किती दिवसांनी भेटत होते. "बारीक झालीस," म्हणाले.

"तुम्ही काळे झालात," ताराबाई म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघरात खिरीच्या मागे लागल्या. वड्यांचं पीठ कालवलं. शोभाताई परसात नळाखाली पितळी भांडी घासत होती. गुरुजी वाटेत होते, त्यांचा फोन येऊन गेला होता. शरच्चंद्रांनी पाट मांडले, दर्भ आणि तीळ काढून ठेवले, वडिलांचा फोटो भिंतीच्या पांढऱ्या पोपड्यांखाली चौरंगावर ठेवला आणि समई लावली. कूलरच्या वाऱ्याने ती विझली. त्यांनी पुन्हा लावली, पुन्हा विझली. फरशी अजून वाळायची होती, म्हणून कूलर बंद करण्याचा विचार त्यांच्या मनात आला नसावा. त्यांना तो फक्त जरा पलीकडे वळवायचा होता.

ताराबाईंना ओरडणं ऐकू आलं नाही. पाट सरकल्यासारखा आवाज झाला आणि त्यांनी हाक मारली, समई लागली का? उत्तर आलं नाही. पंख्याचा आवाज चालूच होता. त्या दारापर्यंत आल्या. शरच्चंद्र कूलरच्या दोन्ही कडा धरून वाकून उभे होते, एखादी जड पेटी ढकलताना माणूस जरा थांबतो तसे. त्यांची पाठ ताठ होती आणि दमट धोतर पायांना चिकटलं होतं. भिंतीवरचं बटण त्यांच्या पलीकडे, कूलरच्या मागे होतं.

परसाच्या दारातून शोभाताई आत आली, हात कोपरापर्यंत राखेने आणि पाण्याने भरलेले. तिने पाहिलं आणि "काकाजी" म्हणत धावली.

"हात लावू नको त्यांना!"

शाळेतल्या वर्गावर ओरडल्या असतील तेवढ्याच मोठ्याने ताराबाई ओरडल्या, आणि शोभाताई दोन हातांवर थांबली. तिला ओलांडून ताराबाई ओसरीत गेल्या. ओसरी उतरून जिन्याखाली. घाईत त्यांचा एक गुडघा दुमडला आणि त्या मीटरपेटीवर आदळल्या. स्विच खाली ओढायला त्यांना दोन्ही हात लागले. आतला पंख्याचा आवाज उतरत गेला, आणि मग काहीतरी जमिनीवर पडलं.

विक्रम वरून धावत आला. त्याने बँकेतल्या कुठल्याशा प्रशिक्षणात शिकलेलं छाती दाबणं केलं, बरोबर केलं असं नंतर डॉक्टरही म्हणाले. पूर उतरल्यापासून गॅरेजला पडून असलेल्या मोटारींमुळे कॉलनीत चालणारी गाडी सापडायला वेळ लागला. गाडीत मागच्या सीटवर शरच्चंद्रांचं डोकं ताराबाईंच्या मांडीवर होतं. तळहातांवर दोन रेषा उमटल्या होत्या, पत्र्याच्या कडेच्या जाडीच्या. हॉस्पिटलात तपासून झाल्यावर डॉक्टरांनी ताराबाईंना आधी खुर्चीवर बसायला सांगितलं, त्यावरूनच त्यांना कळलं.

गार्गी दुपारच्या विमानाने आली. रात्रीपर्यंत नातलग जमले, आणि जमलेल्या घरात होतात तशा गोष्टी सुरू झाल्या. कुणीतरी म्हणालं की जिवाच्या माणसाला असं बघून बाई हात न लावता बाहेर गेली कशी. म्हणणाऱ्या बाई ताराबाईंच्याच जावेच्या माहेरच्या होत्या आणि हळू बोलल्या होत्या, पण शोभाताई तिथेच पाणी देत होती. तिने तांब्या खाली ठेवला.

"त्यायनं मले अडवलं म्हून मी तुमाले पाणी देऊन राहिली," ती म्हणाली. "नाहीतं आज दोन उचलले असते या घरातून."

ताराबाईंनी ऐकलं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस हवालदार पंचनाम्याला आला. बाबारावही आले आणि दारात उभे राहिले, आत या म्हटल्यावरही आले नाहीत. हवालदाराच्या सांगण्यावरून त्यांनी कूलर उघडला. मोटारीची वायर पत्र्याच्या ज्या छिद्रातून बाहेर येते तिथे रबराची एक छोटी कडी असते. ती पुरात निघून गेली होती. पंखा दिवसरात्र थरथरत राहिला, वायर पत्र्याच्या धारेवर घासत राहिली, आणि षष्ठीच्या आदल्या रात्री कधीतरी आतलं तांबं पत्र्याला लागलं. बाबारावांनी ते ठिकाण बोटाने दाखवलं आणि लगेच हात मागे घेतला, वीज बंद असूनही.

गार्गी इंजिनियर होती. तिने मीटरपेटी उघडून पाहिली, ईएलसीबीला वळसा घालून गेलेली नवी पिवळी वायर पाहिली आणि हवालदाराला म्हणाली की हे ज्याने केलं त्याच्यावर तक्रार द्यायची आहे. बाबारावांनी मान खाली घातली.

"हे काढायला कोणी सांगितलं होतं?" हवालदाराने विचारलं.

"ह्यांनी," ताराबाई म्हणाल्या. "बाबाराव नको म्हणत होते. ह्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं नाही."

गार्गीने आईकडे पाहिलं. ताराबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. हवालदाराला म्हणाल्या, असंच लिहा.

गार्गी आईशी त्यानंतर दोन दिवस कामापुरतं बोलली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं: ज्याला कळतं त्याने कुणी सांगितलं तरी करायला नको होतं. ताराबाईंनी ते खोडून काढलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की कळणारे दोघं होते, आणि तिसरी मी होते.

गल्लीत कूलर चालूच होते. अंत्ययात्रा निघाली तेव्हा लोकांनी ते बंद केले होते आणि परत आल्यावर लावले. दहाव्याच्या आधी ताराबाई शोभाताईला घेऊन शेजारच्या घरांत गेल्या. अशा दिवसांत बाईने घराबाहेर पडू नये असं कुणी म्हणालं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. प्रत्येक दारात त्यांनी तेच सांगितलं: ईएलसीबी पडत असेल तर घर ओलं आहे, काढू नका. ईएलसीबी बसवलेलाच नसेल तर भिंती वाळेपर्यंत वीजच लावू नका. ओल्या पायांनी जाऊ नका. कुणी चिकटलं तर हात लावू नका, मेन बंद करा. आणि मेन कुठे आहे ते घरात सगळ्यांना आत्ता दाखवा. लोकांनी हात जोडून ऐकलं. एका घरात त्यांच्यासमोर प्लग काढला. दुसऱ्या घरातले गृहस्थ म्हणाले, वहिनी, आमच्याकडे मोटार नवी टाकली आहे, आमच्याकडे काही नाही होत. त्यांच्या पायात चप्पल नव्हती. ताराबाईंनी मीटरपेटी कुठे आहे ते विचारलं आणि स्वतःच जाऊन स्विच खाली केला. त्या गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचल्या नव्हत्या तेव्हा मागे पंखा पुन्हा सुरू झाला.

शोभाताई मागे वळली. ताराबाईंनी तिचा दंड धरला आणि पुढच्या घराचं फाटक उघडलं.

बाबारावांनी ती पिवळी वायर काढून ईएलसीबी पुन्हा जागेवर जोडला. मेन वर केला की तो पडायचा. ते दर दोन-तीन दिवसांनी येत, वर करून बघत, मान हलवत आणि जात; पैसे घेत नसत आणि चहाही घेत नसत. ताराबाई गार्गीबरोबर वर विक्रमच्या बाजूच्या खोलीत राहिल्या. खालच्या खिडक्या आणि दारं सकाळपासून उघडी असत. ऑक्टोबरचं ऊन चढलं. नागपूरचा ऑक्टोबर म्हणजे दुसरा उन्हाळाच; दुपारी पुढच्या खोलीत भिंतीला हात लावला तर ती कोमट लागायची. घरात एकही पंखा चालला नव्हता. गार्गीची रजा संपायच्या आत, दिवाळीला अजून बराच वेळ असताना, बाबारावांनी एका सकाळी मेन वर केला आणि ईएलसीबी वरच राहिला. ते जरा वेळ बघत उभे राहिले. मग त्यांनी ताराबाईंना हाक मारली, आणि घर वाळलं म्हणून सांगितलं.